जिना पुसून होईपर्यंत

बहारीनच्या अदलिया भागातल्या त्या कॅफेच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवलेला असे. प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेला, इंग्रजीत टाइप केलेला. वर शीर्षक होतं: हर्ब ब्रेड, टर्की सँडविचसाठी. खाली मैदा, पाणी, यीस्ट, मीठ, ऑलिव्ह तेल, कांदा आणि हिरवा पाला यांची ग्रॅममधली मापं. त्याखाली कृती. पहिल्या चार ओळी कुठल्याही पुस्तकात सापडतील अशा होत्या. पाचवी ओळ अशी होती: ‘झाकून ठेवा. जिना आणि वरचा हॉल पुसून होईपर्यंत.’ सातवी ओळ: ‘उचलून घडी घाला. काचा पुसून होईपर्यंत ठेवा.’

कागद शेफ डेन्झिलने लिहिला होता. डेन्झिल मंगळूरचा, हॉटेल मॅनेजमेंट शिकलेला, आणि अशी कृती लिहिणं त्याला अजिबात पटत नव्हतं. ती मिनिटांत लिहायचा त्याने प्रयत्न केला होता. दोन दिवस तो घड्याळ लावून कुंदाताईंच्या मागे जिन्यावर उभा राहिला. एका दिवशी पन्नास मिनिटं भरली, दुसऱ्या दिवशी सत्तर. दोन्ही दिवशी पाव उत्तम झाला. पुढे त्याच्या लक्षात आलं ते असं: उत्तरेचा वारा सुटला की हवा गार होते, आणि पीठ फुगायला वेळ लागतो. त्याच वाऱ्याबरोबर धूळ येते, आणि जिना पुसायलाही वेळ लागतो. दोन्ही वेळ सारख्याच वाढत. हे कळल्यावर त्याने मिनिटं खोडली आणि जिना लिहिला.

कुंदा मेश्राम यांना त्या कॅफेत क्लीनर म्हणून आणलं होतं. त्यांच्या व्हिसावर तेच लिहिलं होतं, रेसिडेंट कार्डावर तेच. त्या पाव कधी करू लागल्या याची दोन वर्णनं मी ऐकली आहेत, एक डेन्झिलकडून आणि एक मालकीणबाई मरियमकडून, आणि दोन्ही जुळतात.

मरियम बहारीनची. शिकायला काही वर्षं बाहेर होती, तिथल्या डिसेंबरच्या सुट्ट्यांत खाल्लेलं टर्कीचं सँडविच तिच्या डोक्यात बसलं होतं. भाजलेली टर्की दुसऱ्या दिवशी थंडच कापायची, वर थोडं आंबटगोड क्रॅनबेरी, आणि दोन्ही बाजूंना कांदा-पाल्याचा खारा, ओलसर पाव. कॅफे उघडल्यावर पहिल्याच डिसेंबरात तिने ते मेन्यूवर घेतलं. टर्की जमली. पाव जमेना. तिने आणलेल्या कृतीत पाणी भरपूर होतं आणि पीठ इतकं सैल व्हायचं की डेन्झिल घाबरून मैदा घालायचा. मग पाव कोरडा व्हायचा आणि सँडविच चावताना टर्की मागच्या बाजूने बाहेर पडायची. तिसऱ्या प्रयत्नाला त्याने मैदा घातला नाही. पीठ परातभर पसरलं. ते कचऱ्यात टाकायला त्याने परात उचलली तेव्हा कुंदाताई तिथेच लादी पुसत होत्या.

“फेंको मत,” त्या म्हणाल्या. “आटा अच्छा है. इसको पटकना पड़ता.”

त्यांनी बांगड्या काढून नळाच्या तोटीत अडकवल्या, कोपरापर्यंत हात धुतले, बोटं ओली ठेवली आणि पिठाखाली हात घालून ते सगळं एकदम उचललं. मग ओट्यावर आपटलं. पुन्हा उचललं, पुन्हा आपटलं. डेन्झिल सांगे की पहिली दहा मिनिटं त्याला ती बाई वेडी वाटली, आणि नंतरची दहा मिनिटं तो बघत राहिला, कारण पीठ हाताला चिकटायचं थांबलं होतं.

नागपूरच्या ज्या वस्तीत त्या वाढल्या तिथे लांब रोटी करतात. तिचं पीठ असंच सैल असतं. आपटून आपटून त्याला ताण आणायचा, मग त्याचा गोळा मनगटावरून कोपरापर्यंत लांबवायचा आणि चुलीवरच्या उपड्या मडक्यावर टाकायचा. कुंदाताईंची आई वस्तीतल्या लग्नांना अशा रोट्या करायची आणि कुंदाताई बारा वर्षांच्या असल्यापासून पीठ आपटायला तिच्यासोबत असत. मैदा वाढवणाऱ्या माणसाविषयी त्यांचं एक ठरलेलं मत होतं.

“पीठ चिकटलं की मानूस भेते,” त्या मला एकदा म्हणाल्या. “अन् भ्यायला की मैदा टाकते. मग तो पाव नाही रायत जी, तो त्याचा भेव रायते.”

माझं ऑफिस त्याच रस्त्यावर होतं. मी एका इंग्रजी मासिकाच्या डेस्कवर काम करत होतो आणि सकाळी साडेनऊला कॅफेत चहाला जात असे. कुंदाताईंना मी मराठी आहे हे कळलं ते माझ्या फोनवरच्या बोलण्यावरून. त्या दिवसापासून त्या मला ‘पेपरवाले भाऊ’ म्हणू लागल्या. मासिक आणि पेपर यातला फरक मी एकदा सांगितला. त्यांनी ऐकून घेतला आणि पेपरवाले भाऊच चालू ठेवलं.

त्या पंचेचाळिशीच्या आसपास असाव्यात. ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या. केसांना जाळी लावत ती कपाळाच्या खूप वर, त्यामुळे त्या सतत कशाचं तरी आश्चर्य वाटल्यासारख्या दिसत. गुदैबियात एका जुन्या इमारतीत तीन मल्याळी नर्सांबरोबर राहत. नवरा वारला होता. मुलगी प्रज्ञा नागपूरला आजीजवळ होती. मुलगी फोनवर मराठीत बोलायची आणि मेसेज इंग्रजीत करायची. ते मेसेज कुंदाताई माझ्याकडून वाचून घेत, पण इमोजींचा अर्थ मला विचारत नसत. तो त्यांना येत होता.

स्वयंपाकघरात त्यांचे काही नियम होते. पाव गरम असताना कोणी कापायचा नाही. पाव पोटाशी धरून कोणी उचलायचा नाही. पिठाला कोणी बोटाने टोचून बघितलेलं त्यांना चालत नसे. “तुमाले कोनी झोपेत टोचलं तर?” असं त्या विचारत. घडी घालताना त्या पिठाकडे बघत नसत, दाराकडे बघत. डेन्झिलने कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, “देखने से हाथ बंद हो जाता.” डेन्झिलने हे वाक्य मला दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा तक्रारीच्या सुरात, पण पुढे तोही दाराकडे बघत घडी घालताना मी पाहिला आहे.

पाल्याची गोष्ट दुसऱ्या वर्षाची. मरियमच्या कृतीत थाइम, रोझमेरी आणि सेज होतं. सेजचं नाव पहिल्यांदा ऐकल्यावर कुंदाताई हसल्या होत्या. “आमच्यात शेज म्हंजे अंथरूण. पावात अंथरूण टाकते का कोनी?” त्या डिसेंबरात ताजं सेज बाजारात आलंच नाही. मरियमने चहात घालायची वाळलेली मरमिया आणून दिली. झाड सेजचंच, फक्त वाळलेलं. कुंदाताईंनी वास घेतला आणि पुडी परत बांधली. त्यांच्या मते त्याला सर्दीच्या औषधाचा वास होता. दुसऱ्या दिवशी त्या घरून एका डब्यात जाड, लवदार, कडा कातरलेली पानं घेऊन आल्या. ओव्याची पानं. गुदैबियातल्या बाल्कनीत तेलाच्या डब्यात त्यांनी ते रोप लावलं होतं, फांदी कोणा तेलुगू शेजारणीने दिलेली. आपल्याकडे त्याची भजी करतात. त्यांनी ती बारीक चिरली, कांद्याबरोबर तेलात हलकी परतली आणि पिठात घातली. डेन्झिलला सांगितलं नाही. डेन्झिलने विचारलंही नाही, कारण बाहेर ऑर्डरी खोळंबल्या होत्या.

त्या आठवड्यात जुफैरमध्ये राहणाऱ्या एका इंग्रज बाईने चिठ्ठी लिहून ठेवली. आपल्या आईच्या घरानंतर इतकं चांगलं सेज आपण पहिल्यांदा चाखलं, असं तिने लिहिलं होतं. मरियमने चिठ्ठी फ्रिजवर लावली. डेन्झिलने पाव पुन्हा चाखला आणि कुंदाताईंकडे बघितलं. जानेवारीत त्याने त्यांना एवढंच विचारलं, “वो पत्ता और है क्या?”

तिसऱ्या वर्षी मी त्यांच्यावर लिहिलं. म्हणजे पावावर लिहिलं. आमच्या मासिकाला सुट्ट्यांच्या अंकासाठी अदलियातल्या खाण्यावर मजकूर हवा होता. मी छायाचित्रकाराला घेऊन गेलो, तासभर पीठ आपटताना पाहिलं, टिपणं काढली. शेवटी नेहमीप्रमाणे नावाचं स्पेलिंग विचारलं. कुंदाताईंनी मरियमकडे बघितलं.

“नाव नको,” मरियम मला इंग्रजीत म्हणाली. “त्यांच्या कार्डावर क्लीनर आहे. तुम्ही बेकर म्हणून छापलंत आणि इन्स्पेक्शन आलं तर त्यांनाही त्रास, मलाही.”

ती बरोबर होती. मी नाव काढलं, पाव ‘हाऊस-बेक्ड’ आहे असं लिहिलं. छायाचित्रात चेहरा नको म्हणून ते मनगटापाशी कापलं. अंक आल्यावर कुंदाताईंनी तो ओट्यावर पसरला आणि इंग्रजी ओळींवरून बोट फिरवलं.

“माहं नाव कुठी आहे?”

“नाही घेतलं, ताई. तुम्हाला माहीत आहे ना.”

“मंग इथं काय लिवलं?”

“हाऊस-बेक्ड. म्हणजे घरचं. कॅफेतच केलेलं.”

“हाऊस म्हंजे कोनती बाई जी?” त्या म्हणाल्या. मग छायाचित्राकडे बघत राहिल्या. “पाव आहे. हात आहेत. मनगटाच्या वर बाईच नाही.”

त्या चिडल्या नव्हत्या. अंक घडी घालून पिशवीत ठेवला आणि मुलीला पाठवायला मला त्या पानाचा फोटो काढून मागितला. पण त्या दिवसापासून त्यांनी मरियमकडे कार्ड बदलून मागायला सुरुवात केली. दर महिन्याला एकदा, महिन्याच्या सुरुवातीला, ओट्यापाशी उभं राहून. मरियम दर वेळी इंशाल्ला म्हणे. कुंदाताईंनी इंशाल्लाचे तीन प्रकार पाडले होते: एक होईल, एक बघू, आणि एक मफी, म्हणजे नाहीच. “मॅडमचा बघूच्या पुढं गेला नाही अन् मफीवर आला नाही,” असं त्या सांगत.

मरियम टाळत होती त्याला कारण होतं. कागदपत्रं करणाऱ्या एजंटने तिला सांगितलं होतं की क्लीनरचा बेकर करायचा म्हणजे नवा करार, नवी मंजुरी. आणि मंजुरी नाकारली गेली तर जुनं कामही अडचणीत येऊ शकतं, बाईला परत पाठवावं लागेल. हे खरं होतं की एजंटचा आळस, मला माहीत नाही. मी विचारलं तेव्हा त्याने मलाही इंशाल्ला म्हटलं.

पुढच्या वर्षी डिसेंबरच्या तोंडाशी प्रज्ञाच्या होस्टेलच्या फॉर्मची भानगड झाली. फॉर्मवर आईचा व्यवसाय असा रकाना होता. प्रज्ञाने बेकर लिहिलं. सोबत आईच्या कार्डाची झेरॉक्स जोडायची होती. खिडकीतल्या कारकुनाने दोन्ही कागद शेजारी ठेवले, बेकर हा शब्द लाल पेनाने खोडला, वर सफाई कामगार असं लिहिलं आणि मुलीला शेजारी सही करायला लावली. खोटी माहिती दिली म्हणून दोन शब्दही बोलला. मागे रांग होती.

हे कुंदाताईंनी मला रविवारी सांगितलं, पिठात हात असताना.

“माह्या आज्यानं झाडू सोडला होता,” त्या म्हणाल्या. “गावातून कोनी बोलवाले आलं का दार लावून घ्यायचा. उपाशी राह्यला, पन गेला नाही. झाडू मले वाईट नाही वाटत, भाऊ. मी रोज मारतो, चांगला मारतो. पन माह्या पोरीनं खरं लिवलं अन् तिले खोटं म्हनून सही कराले लावली.”

वऱ्हाड-नागपूरकडच्या बायका ‘मी मारतो’ म्हणतात. मी पुण्याचा, मला त्याची सवय व्हायला वर्ष लागलं. त्या वाक्यानंतर त्या दाराकडे बघत घडी घालत राहिल्या. मी चहा संपवून निघालो.

सोमवारी सकाळी कॅफेत शिरलो तेव्हा लादी इतकी स्वच्छ होती की दारातल्या वेटरने मला बूट पुसून यायला सांगितलं. काचांमधून रस्ता नव्यासारखा दिसत होता. दिव्यांच्या झुंबरावरची कित्येक महिन्यांची धूळ गेली होती. कुंदाताई शिडीवर उभ्या राहून पंख्याची पाती पुसत होत्या. स्वयंपाकघराच्या दारात डेन्झिल होता.

“कुंदाजी, आटा?”

“मेरा काम नहीं है, शेफ.”

“मज़ाक मत करो. बुधवार को दो ऑर्डर है.”

“कार्ड देखो.” त्यांनी एका हाताने शिडी धरून दुसऱ्या हाताने गळ्यातलं पाकीट काढलं आणि त्याच्यासमोर धरलं. “क्या लिखा? पढ़ो.”

डेन्झिलने वाचलं नाही. त्याला पाठ होतं.

ऑर्डरी दोन होत्या. एका ऑफिसच्या सुट्टीआधीच्या जेवणाची मोठी, आणि एका शाळेच्या शिक्षकांची लहान. दोन्ही टर्की सँडविचच्या, दोन्ही पावासाठी दिलेल्या. त्या सोमवारी डेन्झिलने पीठ मिक्सरमध्ये फिरवलं. मिक्सरने ते तापलं. मंगळवारी सकाळी त्याने हाताने केलं, भ्यायला, आणि मैदा घातला. दोन्ही पाव मी चाखले. वाईट नव्हते. पण टर्की मागच्या बाजूने बाहेर येत होती.

कुंदाताई या दोन दिवसांत एकदाही स्वयंपाकघरात रेंगाळल्या नाहीत. तिथली लादी पुसायला आल्या, ओट्याकडे पाठ करून पुसली, बादली उचलून गेल्या. कोणाशी तोडून बोलल्या नाहीत. डेन्झिलला ‘गुड मॉर्निंग शेफ’ म्हणायचं चुकलं नाही. कार्डावर जे लिहिलं होतं ते काम त्यांनी इतकं पूर्ण केलं की त्यात बोट ठेवायला जागा नव्हती.

मंगळवारी अकराला मरियम आली. मी तिथेच होतो. तिने कुंदाताईंना टेबलापाशी बोलावलं. त्या आल्या, पण बसल्या नाहीत.

“कुंदा, तुम नाराज है?”

“नाराज नहीं मॅडम. ड्यूटी कर रही.”

“रोटी कौन बनाएगा?”

“बेकर बनाएगा.”

मरियमने खुर्ची पुढे ओढली. तिची हिंदी कामापुरती होती, आणि पुढचं वाक्य तिने हळू, जुळवून म्हटलं. “मैं तुमको घर भेज सकती. मालूम?”

“हां मॅडम. भेज सकते.”

एवढंच. कुंदाताई जिन्याकडे गेल्या. मी त्यांच्या मागे गेलो, आणि माझ्या नेहमीच्या सवयीपेक्षा जास्त बोललो. म्हटलं, ताई, परत पाठवलं तर प्रज्ञाचं कसं होईल? होस्टेल आत्ताच मिळालंय. एजंट म्हणतो तसं खरंच झालं तर?

त्यांनी फडकं पिळलं. “मले भेव नाही वाटत असं नाही, भाऊ. रात्री झोप नाही आली. पन पाठवलं तर विमानात बसीन. पोरीले सांगीन, मायले क्लीनर म्हनून नाही काढलं. बेकर म्हनून काढलं.”

बुधवारी सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर गेलो. हे कामासाठी नव्हतं. साडेआठला मरियमची गाडी आली. तिच्या हातात एक फाइल होती. तिने ती माझ्या टेबलावर ठेवली, कुंदाताईंना हाक मारली आणि मला म्हणाली, “तुम्ही वाचा. माझ्यावर तिचा विश्वास बसणार नाही.”

फाइलमध्ये अर्ज होता, अरबी आणि इंग्रजीत. दाखल झाल्याची पोच जोडलेली होती. कुंदाताई जिन्यावरून अर्ध्यातून खाली आल्या. हातात फडकं तसंच. मी इंग्रजी रकाने एकेक करून मराठीत सांगितले. नाव, पासपोर्ट, सध्याचा व्यवसाय, बदलून हवा असलेला व्यवसाय.

“बेकर,” मी म्हटलं.

“पुरं वाचा.”

“एवढंच आहे ताई. बी, ए, के, ई, आर.”

“स्पेलिंग बरोबर आहे?”

“बरोबर आहे.”

त्यांनी मरियमकडे बघितलं. “मॅडम, रिजेक्ट हुआ तो?”

“तो तुम भी जाएगा, और मेरा ब्रेड भी जाएगा,” मरियम म्हणाली. “इसलिए मैं खुद गई. एजेंट नहीं. मैं.” मग तिने घड्याळाकडे बोट केलं. “यल्ला, कुंदा. प्लीज़.”

डेन्झिल मैद्याचं पोतं फोडून उभाच होता. कुंदाताई वळल्या आणि पुन्हा जिना चढू लागल्या.

“अब क्या हुआ?” तो ओरडला.

“आधा जीना बाकी है,” त्या वरून म्हणाल्या. “आधा छोड़ के कौन आता है?”

जिना झाला. मग हात धुतले. ऑफिसची ऑर्डर दीड तास उशिरा गेली, पण गेली. शाळेची ऑर्डर निभली नाही. त्यांना बाहेरून आणलेल्या पावात सँडविच द्यावं लागलं आणि मरियमने स्वतः फोन करून माफी मागितली. कुंदाताईंना हे मागाहून कळलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी दोन पाव कागदात गुंडाळून शाळेत पाठवले. त्याबद्दल मी विचारलं तर म्हणाल्या, “मास्तरीनबायांनी काय केलं होतं माहं?”

मंजुरीला कित्येक आठवडे लागले. त्या काळात मरियमला एजंटवर ओरडताना मी तीनदा ऐकलं. कार्ड आलं तेव्हा जानेवारी संपत आला होता. कुंदाताईंनी ते पाहिलं, पाकिटात घातलं आणि पाकीट गळ्यात अडकवलं. पेढे नाहीत, भाषण नाही. डेन्झिलने मात्र केक केला. तो त्यांनी चाखला आणि क्रीम जास्त आहे म्हणाल्या.

पुढचा पंधरवडा अवघड गेला. सफाईला चंद्रा नावाची नेपाळी बाई आली आणि कुंदाताईंकडे पहिल्यांदाच फक्त पाव उरला. पीठ झाकून ठेवल्यावर काय करायचं हे त्यांना कळेना. त्या ओट्यापाशी उभ्या राहत, कापड उचलून बघत, पुन्हा झाकत. पाव आधी कमी फुगले, मग जास्त फुगून बसले. डेन्झिलने टायमर आणून दिला. त्यांनी तो एक दिवस वापरला आणि त्याच्या आवाजाने दचकायला होतं म्हणून परत केला. शेवटी उपाय त्यांनीच काढला. पीठ झाकलं की त्या जिन्याच्या तोंडाशी जात आणि वर हाक मारत, “चंद्रा, शुरू कर!” मग कांदा चिरायला बसत. थोड्या वेळाने पुन्हा हाक, “कहां तक आई?”

“लास्ट सीढ़ी, दीदी!”

की त्या उठत.

चंद्राला ही काय पद्धत आहे ते आठवडाभर कळलं नव्हतं. तिला वाटत होतं की कुंदाताई तिच्यावर देखरेख ठेवतात. एकदा ती रडलीही. तेव्हा कुंदाताईंनी तिला हात धुवून ओट्यापाशी आणलं, फुगलेलं पीठ दाखवलं आणि म्हणाल्या, “ये तेरा टाइम है. तू जल्दी करेगी तो ये बैठेगा.” त्यानंतर चंद्रा जिना जपून पुसू लागली. डिसेंबरच्या सुट्ट्यांत ऑर्डरी वाढल्या की ती वरूनच ओरडून विचारत असे, आज हळू करू की जोरात.

त्या वर्षाच्या डिसेंबरात मी पुन्हा लिहिलं. नाव छापलं, पूर्ण. छायाचित्रात चेहरा होता, जाळी कपाळाच्या वर. अंक आल्यावर कुंदाताईंनी पान बघितलं, नावावर बोट ठेवलं. मग मला म्हणाल्या, “इथं ‘सेज’ लिवलं तुमी.” मी म्हटलं, हो, मरियमच्या कृतीत तेच आहे. ओव्याच्या पानांचं मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. डेन्झिल भिंतीकडे तोंड करून हसत होता.

मार्चमध्ये मला दुसऱ्या देशात नोकरी मिळाली. निघायच्या आधीच्या शुक्रवारी सकाळी मी गुदैबियात एका मित्राकडे किल्ली द्यायला गेलो होतो. परतताना त्या भागातल्या खब्बाजाच्या दुकानापाशी थांबलो. खब्बाज म्हणजे पाववाला. मातीच्या भट्टीच्या भिंतीला पोळीएवढा पाव चिकटवून भाजतो आणि लोखंडी आकड्याने ओढून काढतो. शुक्रवारी तिथे मोठी रांग असते. लोक घरून कापड किंवा वर्तमानपत्र आणतात आणि त्यात गरम पाव घेऊन जातात.

रांगेत माझ्या पुढे पाच-सहा माणसं होती आणि सर्वांत पुढे कुंदाताई. सुट्टीचा दिवस, अंगावर निळी साडी, केसांना जाळी नाही. त्यांनी मला पाहिलं नाही. खब्बाज म्हातारा होता, भट्टीच्या धगीने तांबूस झालेला. त्यांचा पाव ओढून काढेपर्यंत त्या त्याच्या हातांकडे अशी टक लावून बघत होत्या की त्याने काम थांबवून काहीतरी विचारलं. त्यांना कळलं नाही. मागच्या तरुण बहारीनी मुलाने हिंदीत सांगितलं, “पूछ रहा है, क्या देखती हो. तुम्हारा काम क्या है.”

कुंदाताईंनी गळ्यातलं पाकीट काढलं आणि कार्ड त्याच्यासमोर धरलं. त्याने डोळे बारीक करून अरबी ओळ वाचली.

“खब्बाज,” तो मोठ्याने म्हणाला. मग त्यांच्याकडे बघितलं, कार्डाकडे बघितलं, आणि मान हलवली. कार्डावरचा शब्द पुरुषाचा होता. छापताना सगळ्यांना तोच छापतात. त्याने बोटाने त्यांच्याकडे दाखवून पुन्हा म्हटलं, “खब्बाजा.” शेवटचा आ लांबवून.

“खब्बाजा,” कुंदाताई म्हणाल्या.

“ऐवा,” त्याने होकार दिला. “खब्बाजा.”

मागून कोणीतरी ‘यल्ला, यल्ला’ म्हणालं. म्हाताऱ्याने तिकडे लक्ष दिलं नाही. ओट्याची फळी वर उचलली आणि त्यांना आत यायची खूण केली. कुंदाताईंनी आपला गरम पाव त्या तरुणाच्या हातात दिला, बांगड्या मागे सारल्या आणि हात धुवायला नळ कुठे आहे ते विचारत आत गेल्या.